आरसीसीत भोक पाडताना: बिट कुठलं, मशीन कुठलं आणि सळई लागली तर काय

विटेच्या भिंतीत सरसर जाणारं बिट आरसीसीवर टेकवलं की नुसतं किंचाळतं. टोक तापून निळं पडतं आणि भिंतीवर उमटतो जेमतेम दोन मिलीमीटरचा खळगा. मग अजून जोर लावला जातो आणि बिट तरी जातं, नाहीतर मशीनचं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग. काँक्रीट ठोक्याने फुटतं. बिट फिरतं ते फुटलेला चुरा बाहेर काढायला आणि पुढचा ठोका नव्या जागी पडावा म्हणून. सळई मात्र ठोक्याला दाद देत नाही, ती फिरत्या धारेनेच कापावी लागते. आरसीसीत या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून इंचभर अंतरावर असतात आणि एकाच बिटाला दोन्ही कामं नीट जमत नाहीत. बिट, मशीन आणि सळई लागल्यावर काय करायचं, हे सगळं इथूनच ठरतं.

आधी समोर काय आहे ते ओळखा

जुन्या इमारतींत कॉलम, बीम, स्लॅब आणि लिंटल एवढंच आरसीसी असतं, मधल्या भिंती विटांच्या. त्यानंतरच्या बांधकामात विटांच्या जागी सिपोरेक्सचे पांढुरके ब्लॉक आले. मुंबई, ठाणे, पुण्याच्या नव्या टॉवरांत तर ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. साइटवर त्याला सरसकट मिवान म्हणतात. तिथे टीव्हीचा ब्रॅकेट असो की पडद्याचा रॉड, बहुतेक प्रत्येक भिंतीत सळयांची जाळी आहे असं धरूनच चालावं.

शंका असेल तर ५ मिमीच्या बिटाने वीसेक मिलीमीटर आत जाऊन भुकटी बघा. लाल आली तर वीट, पांढरी आणि भराभर आली तर सिपोरेक्स. राखाडी, बारीक भुकटी येत असेल आणि बिट अडखळत जात असेल तर काँक्रीट. पहिले १०-१५ मिमी प्लास्टरचे असतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. सिपोरेक्सवर ठोका बंदच ठेवायचा, नाहीतर भोकाची कड फुटून गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग, गुळगुळीत फिरत राहते.

काही व्यापारी इमारतींत आणि मोठ्या पार्किंगच्या स्लॅबमध्ये पोस्ट-टेन्शन केबल, म्हणजे काँक्रीट ओतून झाल्यावर ताणलेले पोलादी तारदोर असतात. तिथे ड्रॉइंग बघितल्याशिवाय आणि इंजिनिअरने जागा आखून दिल्याशिवाय ड्रिल लावायचंच नाही. अशा एकेका तारदोरावर पंधरा-वीस टनांचा ताण असतो.

मशीन

घरोघरी असतं ते १३ मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात, त्यातून ठोका तयार होतो. मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास ठोके पडतात, पण एकेक ठोका अगदी हलका, आणि मागून तुम्ही दाबाल तेवढाच त्यात जोर. वीट, प्लास्टर, जुन्या काँक्रीटमधलं एखाददुसरं ६ मिमीचं भोक इथपर्यंत ते ठीक आहे. एम३०च्या, म्हणजे चांगल्या मजबूत काँक्रीटच्या भिंतीत १० मिमीची चार भोकं पाडायला त्याला जुंपलं तर मशीनही तापतं आणि माणूसही.

रोटरी हॅमरची रचनाच वेगळी. आत पिस्टन हवेच्या दाबाने एक वजनदार तुकडा पुढे फेकतो आणि तो बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, पण लहान हॅमरचा एक ठोकाही २ ते ३ जूलचा असतो. त्या जोरावर १० मिमी बिट ६० मिमी काँक्रीटमधून पंधरा-वीस सेकंदांत जातं. मिवानचा फ्लॅट असेल तर ड्रिल घ्यायचा सगळा खर्च या एका मशीनवर करा, किंवा दिवसाच्या भाड्याने आणा. इम्पॅक्ट ड्रिलवर महागडी बिटं वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

लहान हॅमरला एसडीएस प्लस बिट लागतं. त्याचा दांडा १० मिमीचा असतो आणि त्याला चार खाचा असतात. दोन उघड्या खाचा बिट फिरवतात, दोन बंद खाचांत गोळ्या बसून बिट अडकून राहतं. बिट चकमध्ये सेंटिमीटरभर मागेपुढे हलतं, ते तसंच असायला हवं. ठोका बसतो बिटावर, चक जागचा हलत नाही. पाच किलोच्या आणि त्यावरच्या मशीनला एसडीएस मॅक्स लागतं, त्याचा दांडा १८ मिमीचा. ही दोन एकमेकांत बसत नाहीत. लहान मशीनवर २६ मिमीची क्षमता लिहिलेली असली तरी त्याचं खरं सुखाचं काम ६ ते १६ मिमी. त्यापुढची भोकं वरचेवर पाडायची असतील तर मोठं मशीन आणा.

गोल दांड्याची बिटं हॅमरमध्ये लावायला चकचा अडॅप्टर मिळतो. तो लावला की ठोका बंद, फक्त फिरकी. ठोका चालू ठेवला तर चकचे जबडे सैल होतात आणि बिट घसरत राहतं.

बिट निवडताना

काँक्रीटच्या बिटाचा जीव टोकावरच्या टंगस्टन कार्बाइडमध्ये असतो, बाकीचं सगळं साधं पोलाद. कार्बाइड झिजायला चिवट पण आडव्या धक्क्याला ठिसूळ, आणि सळई नेमका तोच आडवा धक्का देते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं ते दोन धारांचं बिट. टोकाला खाच पाडून त्यात कार्बाइडची एकच आडवी पट्टी झाळलेली असते. नुसत्या काँक्रीटमध्ये ते उत्तम चालतं, चुराही भराभर बाहेर टाकतं. पण सळईच्या कडेला टेकलं की एक धार पोलादावर आणि दुसरी काँक्रीटमध्ये अशी त्याची गत होते. सळईची आट धारेला अडवते, मशीन हिसका देतं आणि पट्टीचा कोपरा उडतो, नाहीतर झाळच सुटते. चार धारांच्या बिटाला अधिकच्या चिन्हासारखं टोक असतं. एक धार अडली तरी बाकीच्या टेकलेल्या राहतात, त्यामुळे सळईची कड ओझरती लागली तर ते अडकण्याऐवजी खरवडत पुढे सरकतं. भोकही जास्त गोल येतं. महागड्या बिटांचं तर सगळं डोकंच कार्बाइडचं असतं, तिथे पट्टी निघून येण्याचा प्रश्न येत नाही. पण चार धारांचं बिट सळई कापतं असा समज करून घेऊ नका. ओझरती लागलेली सळई ते सहन करतं. मधोमध लागलेल्या सळईपुढे तेही थांबतं, आणि थांबलं नाही तर तुटतं.

घरातल्या दोन-चार भोकांसाठी चांगल्या कंपनीचं दोन धारांचं बिट पुरे. फॉल्स सीलिंगची पन्नास भोकं असतील किंवा मिवानचं अख्खं घर लावायचं असेल तर ६, ८ आणि १० मिमीची तीन चार-धारी बिटं घ्या. पंधरा बिटांच्या स्वस्त सेटपेक्षा ही तीन जास्त चालतात. सेटमधली अर्धी मापं कधी लागत नाहीत आणि लागतात ती पहिल्या आठवड्यात बोथट होतात.

दुकानात बिट हातात घेऊन या चार गोष्टी पाहा:

– कार्बाइडच्या पट्टीवरून नख फिरवा. पट्टी दोन्ही बाजूंना दांड्यापेक्षा किंचित बाहेर हवी. तशी नसेल तर भोक बिटालाच घट्ट होतं आणि दांडा घासून तापतो.
– झाळेची रेघ सलग असावी. सुईएवढं छिद्र दिसलं तरी ठेवून द्या.
– बिट काचेच्या काउंटरवर लोळवा. टोक थरथरत फिरलं तर दांडा वाकडा आहे.
– अनोळखी ब्रँड असेल तर टोकावर कानस घासून बघा. कार्बाइडवर कानस घसरते. ओरखडा उठला तर ते नुसतं पाणी दिलेलं पोलाद आहे.

काही बिटांवर पीजीएम हा जर्मन शिक्का असतो. तो फास्टनरच्या, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या धातूच्या बोल्टच्या कामासाठी महत्त्वाचा, कारण टोकाचं माप ठरलेल्या मर्यादेत असल्याची ती खूण आहे. नव्या बिटाचं टोक लिहिलेल्या मापापेक्षा थोडं मोठंच असतं. ८ मिमीच्या बिटाचं टोक जास्तीत जास्त ८.४५, १० चं १०.४५ आणि १२ चं १२.५० मिमी असावं असं फास्टनरच्या मान्यतापत्रांत धरलेलं असतं. बिट त्याहून जाड असेल तर फास्टनर भोकात सैल बसतो आणि नट आवळताना फिरत राहतो.

कोणत्या फास्टनरला कुठलं माप

पीव्हीसी गिट्टीवर आकडा लिहिलेला असतो, तेच बिटाचं माप. बोल्टच्या शेपटीला क्लिप असलेल्या वेज अँकरलाही बोल्टच्याच मापाचं बिट लागतं: एम८ला ८, एम१०ला १०, एम१२ला १२. स्लीव्हवाल्या फास्टनरमध्ये बोल्टभोवती नळी असते, म्हणून बिट एक पायरी मोठं: एम६ला ८, एम८ला १०, एम१०ला १२. फॉल्स सीलिंगच्या थ्रेडेड रॉडसाठी वापरतात त्या ड्रॉप-इनचंही तसंच, फक्त एम१२ला बहुधा १५ लागतं. काही कंपन्यांचं १६ असतं, तेव्हा खोका वाचा. केमिकल अँकरमध्ये रॉडभोवती गोंदाला जागा हवी: एम८ रॉडला १०, एम१०ला १२, एम१२ला १४, एम१६ला १८.

खोली मोजायची ती काँक्रीटच्या पृष्ठभागापासून, प्लास्टरच्या नव्हे. ६० मिमीचा फास्टनर १५ मिमी प्लास्टरमधून घातला तर काँक्रीटमध्ये ४५ मिमीच राहतो आणि वजन त्या ४५वरच येतं. प्लास्टर काहीच पेलत नाही. शिवाय भुकटी साठायला तळाशी १० मिमी जास्त ठेवा. याला अपवाद ड्रॉप-इनचा. त्याचं भोक बरोबर नळीच्या लांबीइतकंच हवं, नाहीतर नळी आत बुडून जाते.

सळई कुठे असेल

सळईवरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य हवामानातल्या स्लॅबला २० मिमी आणि कॉलमला साधारण ४० मिमी असतं. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर असलेल्या काँक्रीटला ४५ मिमीपर्यंत कव्हर द्यावं लागतं. हे झालं कागदावरचं. कव्हर ब्लॉक सरकलेले असतील तर सळई प्लास्टरच्या मागेच भेटते.

घराच्या स्लॅबमध्ये ८ किंवा १० मिमीच्या सळया बहुधा १०० ते २०० मिमी अंतराने, आडव्या-उभ्या. १५० मिमीची जाळी धरली आणि १० मिमीचं बिट डोळे झाकून लावलं, तर साधारण चार-पाच भोकांतल्या एकात सळई लागणार. हिशेब सोपा आहे: बिटाचा मध्य ८ मिमी सळईच्या मध्यापासून दोन्हीकडे ९ मिमीच्या आत आला की टक्कर, म्हणजे दर १५० मिमीत १८ मिमीची धोक्याची पट्टी, आणि अशा पट्ट्या दोन दिशांना. त्यामुळे ब्रॅकेटची चार भोकं एकही सळई न लागता पडली तर ते नशीब समजा.

नशिबावर सोडायचं नसेल तर धातू शोधणारा डिटेक्टर वापरा. तो एकाच दिशेने फिरवून उपयोग नाही. आधी आडवा फिरवून उभ्या सळया खडूने आखा, मग उभा फिरवून आडव्या. जाळीचे चौकोन भिंतीवर उमटले की भोकं चौकोनांच्या मध्याकडे सरकवा आणि ब्रॅकेटला लांबट भोकं असतील तर त्याचा फायदा घ्या. फ्रिजवरचं चुंबक घेऊन शोधण्याचा सल्ला मिळतो, पण तीस-पस्तीस मिलीमीटर खालची सळई त्याला कळत नाही.

डिटेक्टर नसेल तर एवढं लक्षात ठेवा: जाळी बहुतेक बीमच्या कडेला समांतर असते, आणि कॉलमजवळच्या बीममध्ये लांब सळयांना वेढणाऱ्या रिंगा १०० मिमी किंवा त्याहून जवळ असतात. तिथे मोकळी जागा मिळणं कठीणच, शक्यतो ती जागा टाळा. छताच्या पंख्याच्या बॉक्सपासून विजेचे पाइप स्लॅबमधून चहूकडे जातात, म्हणून बॉक्सच्या फूटभर परिसरात आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको.

भोक पाडणं

खोली दाखवणारी दांडी मशीनला लावा, नसेल तर बिटावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. टेपचं एक टोक झेंड्यासारखं मोकळं सोडलं की पृष्ठभागाला टेकल्याबरोबर फडफडतं आणि कळतं. बाजूचं हँडल लावल्याशिवाय हॅमर सुरू करू नका.

वर टाइल असेल तर आधी टाइल-काचेच्या बिटाने, ठोका बंद ठेवून टाइल पार करा. काँक्रीट लागलं की बिट बदला आणि ठोका सुरू करा. टाइलला पाडलेलं भोक पुढच्या बिटापेक्षा एक-दोन मिलीमीटर मोठं असलं म्हणजे हॅमरचं बिट टाइलच्या कडेला घासत नाही.

उघड्या काँक्रीटवर बिट घसरतं, कारण खाली खडीचा तुकडा असतो. महाराष्ट्रात ही खडी बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते आणि ती भोवतालच्या सिमेंटपेक्षा कितीतरी कडक असते. छिन्नीने किंवा पंचाने एक ठोका मारून खळगा करून घ्या. मग ट्रिगर अर्धाच दाबून ४-५ मिमी आत जा, बिट जागेवर बसलं की सरळ धरून पूर्ण वेग द्या.

दाब किती? मशीन उडू नये एवढाच. हॅमरवर अंगाचा भार टाकला तर ठोके दबतात आणि भोक उलट हळू पडतं. इम्पॅक्ट ड्रिलवर हात बसलेल्या माणसाला ही सवय सोडायला वेळ लागतो. दर २०-२५ मिमीला बिट फिरतं ठेवूनच बाहेर ओढा, चुरा पडू द्या, पुन्हा आत जा. जमिनीतल्या भोकात चुरा आपणहून पडत नाही, तिथे हे जास्त वेळा करावं लागतं. चुऱ्याने बिटावरची पिळाची पन्हळ भरली की बिट आतल्या आत घासतं, तापतं आणि अडकतं. आत थांबवलेलं बिट पुन्हा सुरू करताना हमखास धरून बसतं.

पाणी मारू नका. भुकटीचा चिखल होऊन पन्हळीत घट्ट बसतो, आणि विजेच्या मशीनवरून पाणी ओघळणं कुणाच्याच हिताचं नाही. तापलेलं बिट पाण्यात बुडवण्याची सवय तर त्याहून वाईट. चुर्र आवाज येतो आणि कार्बाइडला डोळ्यांना न दिसणारी भेग जाते. पुढच्या भोकात तुकडा उडाला की बिट खराब निघालं म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. एक भोक झालं की मिनिटभर हवेत ठेवलं तरी पुरतं.

आधी ६, मग ८, मग १० असं पायरीपायरीने भोक मोठं करणं लाकडात आणि लोखंडात बरोबर आहे. हॅमरवर ते उलटं पडतं. मधलं टोक पोकळीत राहतं, सगळा ठोका धारांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर येतो, कोपरे उडतात आणि भोक लंबगोल होतं. हवं ते माप सरळ लावा. खोल भोकाला मात्र आधी त्याच मापाचं आखूड बिट, मग लांब. सुरुवातीपासून ४०० मिमीचं बिट लावलं तर ते लचकतं आणि भोक तिरकं जातं.

चष्मा आणि एन९५ मास्क लावा. काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठत जाते. साधा रुमाल बांधून ती अडत नाही.

सळई लागली की

खडी आणि सळई यातला फरक कान आणि हात दोघांनाही कळतो. खडी लागली की वेग मंदावतो, आवाज जाड होतो, पण पाच-दहा सेकंदांत बिट पुढे सरकतं आणि भुकटी जरा काळपट होते. सळई लागली की आवाज एकदम टणटणीत होतो, मशीन हाताला झिणझिण्या देतं आणि बिट जागचं हलत नाही. भुकटी येणं जवळजवळ थांबतं. मशीन काढून भोकात टॉर्च मारा. तळाशी चकाकती चंद्रकोर दिसली तर सळईची कड आहे, पूर्ण चकती दिसली तर मधोमध. भुकटीला चुंबक लावून बघतात, पण बेसाल्टची भुकटीसुद्धा जोरदार चुंबकाला थोडी चिकटते. नुसतं चिकटणं पुरेसं नाही, त्यात चकचकीत कण आहेत का ते बघा.

सळई आहे हे कळलं की हॅमर तिथेच थांबवा. आजच्या टीएमटी सळईचं बाहेरचं कवच कडक आणि आतला गाभा मऊ असतो. कार्बाइडची गाठ आधी त्या कवचाशी पडते, आणि अजून दहा सेकंद रेटलं की बहुतेक बिट संपतं. पाय शिडीवर असतील तर हिसक्याने तोल जातो, मनगट मुरगळतं.

पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव योग्य उपाय म्हणजे जागा बदलणं. जाळीची दिशा माहीत नसेल तर भोक आडवं किंवा उभं न सरकवता तिरकं, कोपऱ्याच्या दिशेने सरकवा. दोन्ही दिशांच्या सळयांपासून एकदम सुटका होते. गिट्टीच्या हलक्या कामाला २५-३० मिमी पुरतात. वजनदार फास्टनरसाठी सोडून दिलेल्या भोकाच्या खोलीच्या दुप्पट अंतर ठेवतात: ३० मिमीवर सळई लागली तर नवं भोक ६० मिमी लांब. तेवढी जागा नसेल तर जुनं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरून, ते घट्ट झाल्यावरच जवळ भोक घ्या. वॉल पुट्टीने बुजवलेलं भोक भरलेलं धरू नका.

सळई कापावीच लागली तर

हा निर्णय मिस्त्रीचा नाही. स्लॅबच्या मध्यावरची खालची सळई, बीमच्या तळाची सळई, कॉलममधली कुठलीही सळई आणि रिंग यांना स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. एसीच्या ब्रॅकेटसाठी तर कधीच नाही, ब्रॅकेट सरकवता येतो.

परवानगी असेल तर काम तीन टप्प्यांत होतं. सळईपर्यंत हॅमरच्या बिटाने जा आणि भोक फुंकून स्वच्छ करा. मग ठोका बंद करून रिबार कटर लावा. हे पोकळ नळीसारखं, तोंडाला कार्बाइडचे दात असलेलं बिट असतं, फक्त फिरकीवर चालतं आणि मधोमध सळईचा छोटा तुकडा ठेवत कापतं. हळू वेग, एकसारखा दाब. यावर चुकून ठोका सुरू झाला तर दात एका फटक्यात जातात, म्हणून मशीनचा खटका दोनदा बघा. पार झालं की तुकडा काढा आणि उरलेल्या काँक्रीटसाठी पुन्हा हॅमरचं बिट लावा.

रिबार कटर नसेल तर लहान भोकात कोबाल्टचं एचएसएस, म्हणजे लोखंड कापायचं बिट अडॅप्टरमध्ये लावून काम होतं. १० मिमीला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे, एक-दोन थेंब तेल आणि बऱ्यापैकी दाब. भोकात काँक्रीटची भुकटी राहिली असेल तर एचएसएसची धार सळईपर्यंत पोचायच्या आधीच मरते. केमिकल अँकर बसवायचा असेल तर तेलाची ही पद्धत वापरू नका. तेल लागलेल्या काँक्रीटला गोंद धरत नाही.

मोठी भोकं

एसीच्या पाइपला अडीच-तीन इंच, ड्रेनेजला चार इंच किंवा जास्त. ही भोकं हॅमरने काठाकाठाने पाडून मग छिन्नीने फोडणारे अजून भेटतात. त्यात मागच्या बाजूचं काँक्रीट मोठ्या खपल्यांनी सुटतं. आरसीसीला डायमंड कोअर कटिंगच हवं, म्हणजे तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेल्या नळीने कापणं. तेही ओलं, स्टँड फास्टनरने घट्ट बसवून. डायमंडला ठोका लागत नाही, तो काँक्रीट आणि सळई दोन्ही घासून कापतो. म्हणूनच सळई कापली गेल्याचं चटकन लक्षातही येत नाही, आणि म्हणूनच आधी स्कॅन करणं इथे जास्त गरजेचं. वाटेत सळई आली की वेग कमी होतो आणि पाण्यातला राखाडीपणा घटून चकचकीत कण दिसतात. तेव्हा दाब वाढवू नका, कमी वेगाचा गिअर घ्या. सळईनंतर बिट काँक्रीटमध्येही कापेनासं झालं तर डायमंडवर चकाकी आली आहे, म्हणजे तोंड गुळगुळीत झालं आहे. वालुकाश्माच्या किंवा खरखरीत दगडावर थोडा वेळ चालवलं की नवे कण उघडे पडतात.

स्लॅबमध्ये कोअर मारताना खालच्या मजल्यावर माणूस उभा ठेवा. १०० मिमी व्यासाचा आणि १५० मिमी जाडीचा गाभा पावणेतीन-तीन किलोच्या आसपास भरतो आणि सुटतो तो सरळ खाली. सोसायटीची परवानगी तर लागतेच, पण खालच्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलेलं बरं. सिमेंटचं पाणी पांढऱ्या छतावरून उतरलं की त्याचा डाग रंग दिल्याशिवाय जात नाही.

भोक साफ करणं आणि बिटाची निगा

फास्टनर ढिला बसण्याचं सगळ्यात मोठं कारण भुकटी. हातपंपाने दोनदा फुंका, भोकाच्या मापाचा ब्रश दोनदा घाला, पुन्हा दोनदा फुंका. केमिकल अँकरला हे चुकवलं तर गोंद काँक्रीटऐवजी भुकटीच्या थराला चिकटतो आणि ओढल्यावर रॉड गोंदासकट बाहेर येतो. तोंडाने फुंकू नका, सगळी भुकटी डोळ्यांत येते.

एसडीएसच्या दांड्याला दर वेळी बोटभर ग्रीस लावा, फक्त मागच्या टोकाला. कोरडा दांडा चकच्या आत घासून खातो आणि मग बिट निघता निघत नाही. काँक्रीटमध्ये बिट अडकलं तर ठोका बंद करून उलटी फिरकी द्या. तरी निघालं नाही तर मशीन बिटावरून सोडवा, पाइप पान्याने बिट उलट दिशेने थोडं थोडं फिरवा, नाहीतर शेजारी लहान भोक पाडून चुरा मोकळा करा. मशीन हातात धरून डावी-उजवीकडे हलवलं तर दांडा वाकतो.

बिट संपलं हे कसं ओळखायचं? कार्बाइडचे बाहेरचे कोपरे गोल झाले आणि व्हर्नियरवर १० चं बिट १०.०० किंवा कमी भरलं की फास्टनरच्या कामातून ते काढा. असं बिट भोक पाडतं, पण स्लीव्ह हातोडीने ठोकून आत घालावी लागते आणि तिची कड चेपते. दोन धारांच्या बिटाला हिरव्या सिलिकॉन कार्बाइड चाकावर धार काढता येते, पण झिजलेला व्यास परत येत नाही. असली बिटं विटेच्या भिंतीसाठी वेगळ्या डब्यात टाका आणि डब्यावर तसं लिहून ठेवा.